इंदूमावशींच्या मसाल्याचं प्रमाण

उल्हासनगरात घरगुती उद्योगाच्या मशिनांचं एक दुकान आहे. पापड, चकली, शेवया, पोळ्या, मसाला, कागदी पत्रावळ्या, बाईमाणूस घरातून जे जे करून विकू शकतं त्या सगळ्याची मशिनं तिथे मिळतात. त्या दुकानात मी वीसेक वर्षं नोकरी केली. शेठ सिंधी, बोलायला गोड आणि व्यवहाराला पक्के. माझ्या हुद्द्याला नाव नव्हतं. गिऱ्हाईक मला 'डेमोवाल्या ताई' म्हणायचे आणि पुढे मीही फोनवर तशीच ओळख सांगायला लागले.

काम असं. मशीन टेम्पोने गेलं की दुसऱ्या दिवशी मी त्या बाईंच्या घरी जायची. आधी अर्थिंग बघायचं. मग मोटर उलटी तर फिरत नाही ना ते बघायचं, कारण थ्री-फेजच्या वायरी अदलाबदल झाल्या की मोटर बिनदिक्कत उलटी फिरते आणि नवी मालकीण घाबरून बसते. मसाल्याचं मशीन असेल तर पहिल्यांदा तांदूळ दळून आतलं तेल आणि धूळ काढायची. मिरचीवरून लोहचुंबक फिरवायला शिकवायचं, कारण पोत्यातून खिळे येतात. मसाला एका दमात बारीक करायचा नाही, तापला की रंग आणि वास दोन्ही जातात. जाळी बदलून दोनदा काढायचा. पदर खोचून घ्या, वेणी वर बांधा, तोंडाशी हात नेऊ नका. एवढं सांगून झालं की बाई स्वतः बटण दाबायच्या. त्या क्षणी प्रत्येकीचा चेहरा जो व्हायचा, त्यासाठी मी ही नोकरी इतकी वर्षं केली असं म्हटलं तरी चालेल.

पण त्या चेहऱ्यांपैकी बऱ्याच जणींची मशिनं मीच परत आणायला गेले आहे.

बदलापूरच्या कात्रपमधल्या एका बाईंनी पापडाचं मशीन घेतलं. मी पोचले तर मशीन इमारतीच्या पार्किंगमध्ये ताडपत्रीखाली उभं. त्या दुसऱ्या मजल्यावर राहायच्या आणि जिन्याच्या वळणावर ते अडत होतं. वर गेलं असतं तरी घरात थ्री-फेज नव्हतं. सोसायटीच्या सेक्रेटरींना विचारायचं कोणाच्या डोक्यात आलं नव्हतं, आणि ते तर समोर खुर्ची टाकून बसले होते. मी पार्किंगमध्ये हाताने पट्टा फिरवून डेमो दिली. बाई मान डोलावत होत्या. गणपती झाल्यावर मशीन परत आलं.

अंबरनाथला एकाच गल्लीत तिघींनी चकलीची मशिनं घेतली. एकीचं चाललेलं बघून दुसरीने, दुसरीचं बघून तिसरीने. दिवाळीला तिघींनाही काम होतं. नंतर तिघीही एकमेकींशी बोलायच्या बंद झाल्या. आणखी एकीला पहिल्या महिन्यात भरपूर ऑर्डरी आल्या, सगळ्या नणंदा, जावा आणि भिशीतल्या मैत्रिणींच्या. ती कौतुकाची खरेदी होती. कौतुक एकदाच होतं. स्वतःच्या राबण्याची किंमत मालात धरायची असते हे तर मी सांगून दमले. "माझं काय, मी घरातच असते," हे उत्तर पालेगावपासून शिरगावपर्यंत सगळीकडे सारखंच मिळायचं.

मी हे आधी बोलून दाखवायला लागले तेव्हा शेठनी मला काउंटरमागे बोलावलं. "ताई, गिराक को डराने का नहीं. मशीन जाने दो, बाकी भगवान देखेगा." तेव्हापासून मी ओठ मिटून घेतले, म्हणजे शेठसमोर तरी.

या सगळ्या चुका हल्ली महिला उद्योगाच्या शिबिरांमध्येही सांगतात, त्यामुळे त्यांच्यावर जास्त लिहीत नाही. मला सांगायचंय ते इंदूमावशींबद्दल. त्यांनी यातली एकही चूक केली नव्हती.

इंदूमावशी बदलापूरला शिरगावात राहायच्या. यजमान अंबरनाथच्या एका कारखान्यात होते, ते निवृत्तीच्या आधीच गेले. मुलगा महेश त्याच पट्ट्यात नोकरीला, शिफ्ट ड्युटी. मावशींचं माहेर कोकणातलं आणि सासर देशावरचं. आईचा मसाला आणि सासूचा मसाला यांतून त्यांनी स्वतःचा तिसराच मसाला बसवला होता. तो माशाच्या कालवणालाही चाले आणि वांग्याच्या भाजीलाही. ज्याने एकदा नेला तो दुसरीकडे जात नसे.

त्या दुकानात आल्या तो दिवस मला आठवतो. शेठ मोठं मशीन दाखवत होते. मावशींनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मला यापेक्षा लहान हवं. वाढलं तर मोठं घ्यायला येईनच तुमच्याकडे." आधी दोन वर्षं त्यांनी बाहेरून कांडून आणून विकलं होतं. गिऱ्हाईक बांधलेलं होतं. तळमजल्याचा गाळा स्वतःच्या नावावर, व्यावसायिक मीटर, खाद्यपदार्थांचा परवाना, धूर आणि मिरचीची खाट जायला मागच्या भिंतीला पंखा, सगळं तयार. मी डेमोला गेले तर अर्थिंग त्यांनी आधीच तपासून घेतलेलं. मला सांगण्यासारखं फारसं उरलं नव्हतं. चहा पिऊन परत आले.

पुढे मी बायकांना त्यांच्याकडे पाठवायला लागले. "धंदा काढायच्या आधी शिरगावला जा, मावशींचा गाळा बघून या." शेठही गिऱ्हाइकांना त्यांचंच उदाहरण द्यायचे. काही वर्षांत त्यांच्याकडे आठ बायका कामाला झाल्या. बदलापूरच्या नव्या इमारतींमध्ये मुंबईहून आलेली कुटुंबं त्यांचा मसाला न्यायची, अंबरनाथच्या दोन-तीन खानावळी न्यायच्या. कोणाकडे उधार-उसनवार नाही, कोणाशी तंटा नाही.

कामाची पद्धत अशी होती. बायका धणे, जिरे, दालचिनी, लवंग, दगडफूल, नागकेशर, जे काय असेल ते निवडायच्या आणि वेगवेगळं भाजायच्या. भाजलेले जिन्नस डब्यांत भरून गाळ्याच्या मागच्या लहान खोलीत ठेवायच्या. मग मावशी एकट्या आत जायच्या, दार लावायच्या, आणि थोड्या वेळाने मोठ्या पातेल्यात सगळं एकत्र करून बाहेर यायच्या. ते पातेलं मिरचीबरोबर मशिनात जायचं. कशाचं किती, हे दारापलीकडे राहायचं. मावशींनी ते कुठे लिहिलेलं नव्हतं. त्यांना लिहायची गरजच नव्हती, हातालाच माहीत होतं.

त्यांची सून प्रणिता कॉमर्सची पदवीधर. पाकिटांची छपाई, फोनवरच्या ऑर्डरी, घरपोच माल, सगळं ती बघायची आणि चांगलं बघायची. पण तीही त्या खोलीत गेलेली नव्हती. "विक्री तुझी, मसाला माझा," असं मावशी तिला हसत म्हणायच्या. प्रणिता हसायची नाही.

एकदा मशिनाची जाळी बदलायला गेले होते. काम झाल्यावर मावशी आणि मी दोघीच बसलो होतो. मी म्हटलं, "मावशी, प्रणिताला एकदा प्रमाण दाखवून ठेवा."

"दाखवीन की. घाई काय आहे?"

"तुम्हाला चार दिवस बरं नसलं तर आठ बायका बसून राहतील."

"शुभ बोल गं, रेखा."

मावशी मिरचीचे देठ खुडत राहिल्या. मग आपणहून म्हणाल्या, "एकीला शिकवलं होतं मी. स्टेशनच्या पश्चिमेला राहायचो तेव्हाची शेजारीण. तिचा नवरा काही करायचा नाही, म्हटलं हिच्याही घरात दोन पैसे येऊ देत. पुढच्या उन्हाळ्यात तिने माझ्याच गिऱ्हाइकांना फोन केले. मला भाजीवाल्याकडून कळलं."

"पण प्रणिता सून आहे तुमची."

"सून आहे म्हणूनच सांगते. उद्या महेशने पुण्याला नोकरी धरली, ही तिकडे गेली, तिथे हिने स्वतःचं काढलं, तर मी काय करायचं? हे एकच आहे माझ्याकडे. गाळा काय, मशीन काय, कोणालाही मिळतं."

त्या चुकीचं बोलत होत्या असंही नाही. बाईच्या हातात जे असतं ते काढून घ्यायला घरचेदारचे सगळे टपलेले असतात, हे मी इतक्या घरांत बघितलं होतं की मावशींची खोली बंद असण्यात मला शहाणपणाच दिसला. आणखी थोडी बसले असते तर कदाचित मार्ग निघाला असता. पण मला अंबरनाथला दुसरी डेमो होती.

पुढच्या चैत्रात ते झालं. मसाल्याचा धंदा चैत्र-वैशाखाचा. लोक वर्षाचा मसाला त्या दोन महिन्यांत करून ठेवतात. मिरची येऊन पडली होती, गच्चीवर वाळत घातली होती, ऑर्डरी घेऊन झाल्या होत्या. सकाळी गाळ्यात मावशी कमलला काहीतरी आणायला सांगत होत्या. कमल पालेगावची, मावशींकडे सगळ्यांत जुनी. गावात आता शेतांच्या जागी टॉवर झालेत, तिचा नवरा त्यातल्याच एका टॉवरवर वॉचमन आहे. मावशी तिला म्हणाल्या, "ती शुक्रवार इकडे दे." कमलला वाटलं मावशी थट्टा करतायत, ती हसली. मावशींनी पुन्हा तेच म्हटलं, आणि मग त्यांच्या उजव्या हातातलं सूप खाली पडलं.

अर्धांगाचा झटका होता. वेळेवर दवाखान्यात नेलं म्हणून वाचल्या. उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. पूर्ण गेलं असं नव्हतं. शब्द यायचे, पण भलतेच यायचे. पाणी हवं असेल तर 'चप्पल' म्हणायच्या, महेशला 'दिवाळी' म्हणायच्या. डॉक्टरांनी समजावलं की यांना कळतं सगळं, पण शब्द शोधायला गेल्या की हाती दुसराच लागतो. हळूहळू सुधारेल, किती ते सांगता येणार नाही.

प्रणिताचा मला फोन आला. "काकू, तुम्ही इतक्या मसालेवाल्यांकडे गेलायत. एकदा येऊन बघाल का? मिरची पडून आहे. बायका रोज येऊन बसतात आणि जातात."

मी गेले. शेठना सांगितलं मशिनाचं काम आहे. त्यांनी विचारलं नाही.

मागच्या खोलीचं दार उघडंच होतं. मी पहिल्यांदा आत पाहिलं. एक फळी, तिच्यावर डबे, एक जुना तराजू, बसायला पाट. कमल उंबऱ्याबाहेरच थांबली. "मावशीनी कदी आत येव दिला नाय," ती म्हणाली. "पन वास मना पाठ हाय."

तिचं नाक आणि माझं ऐकीव ज्ञान यांवर आम्ही सुरुवात केली. किराणा दुकानांची बिलं बघितली, पण मावशी तीन दुकानांतून माल घ्यायच्या, वर्षाचा एकदम घ्यायच्या आणि सुटे जिन्नसही विकायच्या. धणे जास्त आणि शहाजिरे कमी, एवढं सांगायला बिलं कशाला लागतात? खरा प्रश्न लहान जिनसांचा होता. दगडफूल जरा जास्त झालं की मसाला मातकट लागतो. नागकेशर चुकलं की कडवट. जुन्या मसाल्याची दोन पाकिटं शिल्लक होती, ती समोर ठेवून आम्ही वाटीवाटीने नमुने केले. कमल हुंगायची आणि मान हलवायची. "जवल आलाय, पन तो नाय."

जवळात जवळचा नमुना घेऊन आम्ही गाळ्याच्या वर, मावशींच्या घरी गेलो. मावशी पलंगावर उशीला टेकून होत्या. केस कापले होते, त्यामुळे चेहरा लहान दिसत होता. मला बघून त्यांचे डोळे भरले. प्रणिताने बोटावर मसाला घेऊन त्यांच्या जिभेला लावला. मावशींनी डोळे मिटले, चव घेतली आणि मान हलवली. नाही.

"दगडफूल जास्त झालंय का आई?"

"मंगळवार," मावशी म्हणाल्या.

त्यांना स्वतःलाच ते ऐकू आलं. त्यांनी तोंड उघडून पुन्हा प्रयत्न केला. "मंगळ... मंगळवार." डाव्या हाताने त्यांनी गादीवर मारलं, एकदा, दोनदा. प्रणिताने तो हात धरून ठेवला. हो-नाहीसुद्धा भरवशाचं राहिलं नव्हतं. 'हो' म्हणायच्या आणि मान नकाराची हलवायच्या.

मग मला सुचलं की शब्द नको, जिन्नसच समोर ठेवू या. दुसऱ्या दिवशी आम्ही मोठ्या परातीत लहान वाट्या मांडल्या, एकेकीत एकेक जिन्नस, आणि मधे रिकामं पातेलं. मावशींना बसवलं, पाठीशी महेश बसला. त्यांनी सगळीकडे नजर फिरवली. चेहरा बदलला. दवाखान्यातून आल्यापासून तसा दिसला नव्हता, असं प्रणिता नंतर म्हणाली.

डावा हात उचलला. सवयीचा नव्हता. धण्यांची एक मूठ पातेल्यात पडली, मग दुसरी. मग जिरे. चिमटीत दालचिनी धरली, तुकडे मोजल्यासारखे टाकले. मावशींनी लवंगा घेतल्या, मिरी घेतली, मसाला वेलचीची दोन बोंडं घेतली, त्यातलं एक परत ठेवलं आणि एकच टाकलं. आपण मागच्या खोलीत दार लावून बसलोय असंच त्यांना वाटत असावं. मग दगडफुलाची वाटी जवळ ओढली आणि त्यातून चिमूट उचलली.

"थांबा आई," प्रणिता म्हणाली. "एवढं वजन करून घेते."

तिचं चुकलं नाही. दगडफूल पडायच्या आधीचं वजन घेतल्याशिवाय ते नेमकं किती हे कळलंच नसतं. तिने पातेलं उचललं, काट्यावर ठेवलं, आकडा फोनमध्ये घेतला आणि परत ठेवलं. मावशींचा हात हवेत तसाच होता. त्यांनी हातातल्या दगडफुलाकडे बघितलं, पातेल्याकडे बघितलं, मग आमच्या सगळ्यांकडे एकेक करून बघितलं. चिमूट परत वाटीत सोडली. मग डाव्या हाताने पातेलं कलंडवलं. धणे-जिरे चादरीवर, जमिनीवर सांडले.

दुसऱ्या दिवशी परात पुन्हा मांडली. मावशींनी हात मांडीवरून उचलला नाही. तिसऱ्या दिवशी परात बघताच मान भिंतीकडे वळवली.

जिना उतरताना प्रणिता मला म्हणाली, "त्यांना द्यायचंच नाहीये काकू."

"अगं, विसरल्या असतील. मधेच तंद्री तुटली."

"दोन बोंडं घेऊन एक परत ठेवलं त्यांनी. इतकं ज्यांना आठवतं त्या विसरतात?" ती थांबली. "मी लग्न करून आले तेव्हापासून या घरात राबतेय. आता त्यांना अंघोळ मी घालते, जेवण मी भरवते. तरी मी बाहेरचीच."

मला आजही माहीत नाही खरं काय होतं. डॉक्टरांना विचारलं तर ते म्हणाले, दोन्ही शक्य आहे. विसरणं आणि न देणं, दोन्ही त्या एका हातात एकाच वेळी असेल असं मला कधीकधी वाटतं.

मिरची थांबत नाही. पाऊस लागायच्या आत कांडायलाच हवी होती. प्रणिताने निर्णय घेतला की आमचा जवळात जवळचा नमुना तोच मसाला म्हणून भरायचा, त्याच पाकिटांत. कमलला पटलं नाही. "वहिनी, मावशीचा नाव हाय त्याच्यावर." प्रणिता म्हणाली, "त्यांचं औषधही आहे त्याच्यावर. आणि तुमचा पगारही." कमल मिरचीची पाटी उचलून मशिनापाशी गेली. मशीन सुरू झालं. मीच बसून दोन घाणे काढून दिले.

मसाला वाईट नव्हता. कोणी नवीन माणसाने नेला असता तर पुन्हा आला असता. पण नेणारे जुने होते. आठवडाभरात अंबरनाथचे एक खानावळवाले आले. प्रणिताला वाटलं पाकिटं परत करायला आलेत, तिने मनाची तयारी केली होती. ते तक्रार करायला आले नव्हते. चपला बाहेर काढून आत आले आणि हळू आवाजात म्हणाले, "मावशी बऱ्या आहेत ना?"

प्रणिता म्हणाली, "तुम्हाला कोणी सांगितलं?"

"कोणी नाही. रस्सा केला काल. तेव्हाच वाटलं, काहीतरी झालंय."

ते वर जाऊन मावशींना भेटले, खाली आले, पाकिटं ठेवून घेतली. पुन्हा ऑर्डर मात्र दिली नाही. बाकीच्यांनी तेवढंही केलं नाही. फोन कमी झाले. पुढच्या चैत्रात अर्ध्याहून कमी ऑर्डरी होत्या. बायका एकेक करून गेल्या. कोणी कंपनीत पॅकिंगला लागल्या, कोणी नव्या टॉवरांमध्ये धुण्याभांड्याला. कमल शेवटपर्यंत राहिली. शेवटी प्रणितानेच तिला सांगितलं की आता येऊ नका.

मशीन परत आणायला मीच गेले. माझी निवृत्ती जवळ आली होती, शेठ म्हणाले दुसऱ्या कोणाला पाठवतो, पण मी गेले. परत आलेलं मशीन धुऊनपुसून पुन्हा विकायचं असतं, आणि मसाल्याचं असेल तर तांदूळ दळून आतला वास काढायचा असतो. मी तांदूळ घातले, लालसर पीठ पडलं. पुन्हा घातले, फिकट लाल. पुन्हा घातले. पांढरं पीठ पडेपर्यंत दुकानभर मावशींच्या गाळ्यातला वास पसरला होता. शेठ काउंटरवरून उठून आले. "ताई, ये मशीन वापस आएगा, ऐसा कभी सोचा नहीं था," म्हणाले. ते मशीन नंतर वांगणीकडच्या कोणा बाईंनी नेलं. डेमोला दुसरी मुलगी गेली.

निवृत्त झाल्यावरही बायका मला विचारायला येतात. धंदा काढायचाय, कुठलं मशीन घेऊ? मी जागा विचारते, वीज विचारते, गिऱ्हाईक कोण ते विचारते. मग विचारते, तुम्ही महिनाभर झोपून राहिलात तर हे कोण चालवेल? त्यांना तो प्रश्न आवडत नाही. एक जण तर उठूनच गेली, म्हणाली, पहिल्याच दिवशी असं अभद्र कशाला? मी तिला दोष देत नाही. जिच्या हातात आयुष्यात पहिल्यांदा स्वतःचं असं काही आलंय, तिला ते दुसऱ्याच्या हातात ठेवायला सांगणं सोपं नाही. पण विश्वासाचा माणूस शोधणं हाही त्या धंद्याचाच भाग आहे, आणि मशीन घ्यायच्या आधीचा. तो सापडत नसेल तर काय करायचं, हे मात्र मला सांगता येत नाही. मावशींना काय सांगायला हवं होतं तेही अजून सापडलेलं नाही.

परवा शिरगावला जाऊन आले. गाळा भाड्याने दिलाय, तिथे मोबाईलचं दुकान आहे. प्रणिता आता एका शाळेच्या ऑफिसात जाते, दुपारी घरी असते. मावशी खिडकीशी खुर्चीत बसल्या होत्या. उजवा हात मांडीवर, पण चेहऱ्याला तरतरी होती. आता बरंच बोलता येतं त्यांना, शब्दांच्या मधे थांबत थांबत. मला नावाने हाक मारली. माझ्या मुलाची, माझ्या गुडघ्यांची चौकशी केली.

मग जराशा पुढे झुकल्या आणि म्हणाल्या, "धणे... दोन किलो."

त्या प्रमाण सांगत होत्या. जिरे किती, बडीशेप किती, दालचिनी कुठली घ्यायची, नागकेशर कशाबरोबर भाजायचं. एकेका जिनसापाशी थांबायच्या, शब्द शोधायच्या, सापडला की मान हलवायच्या आणि पुढे जायच्या. मी स्वयंपाकघराकडे हाक मारली, "प्रणिता, अगं लवकर ये."

प्रणिता आली. तिने हात पुसले, सासूच्या समोर स्टुलावर बसली आणि शेवटपर्यंत ऐकलं. मधे काही विचारलं नाही. हातात फोन नव्हता. मावशींनी तिरफळापाशी संपवलं आणि तिच्याकडे बघितलं.

"बरं आई," प्रणिता म्हणाली. "कळलं."

मावशी खुर्चीत मागे टेकल्या. खूप दमल्या होत्या आणि समाधानी दिसत होत्या.

मला सोडायला प्रणिता जिन्यापर्यंत आली. मी म्हटलं, "अगं, आत्ताच्या आत्ता लिहून ठेव. माझ्याही लक्षात आहे थोडंफार, सांगते तुला."

"मागच्या महिन्यातही सांगितलं होतं त्यांनी, काकू. तेव्हा धणे पाच किलो होते. त्याच्या आधी एकदा दगडफूलच नव्हतं."

मी पायरीवरच थांबले.

"पहिल्यांदा लिहून घेतलं होतं," ती म्हणाली. "कमलताईंना बोलावून करूनही बघितलं. तो नव्हता. दर वेळी वेगळं असतं."

"मग?"

"मग काही नाही. त्या सांगतात, मी ऐकते."

आतून मावशींनी तिला हाक मारली, तिच्या नावाने, अगदी बरोबर. प्रणिता आत गेली.